बंदी आली, ॲप गेलं, पण भाऊ अजून खेळतोय

कृष्णाकाठ | रात्री ११.४२

बरेच दिवस लिहू की नको चाललेलं. नवा आयडी काढलाय, कोणी ओळखलंच तर ओळख देऊ नका एवढी विनंती.

धाकटा भाऊ, वय ३१, एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, हातात २४ हजार पडतात. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन रमी चालू केली, पन्नास-शंभर रुपयांनी. पहिल्याच आठवड्यात साडेतीन हजार लागले आणि त्यातून आईला मिक्सर आणला. तो मिक्सर अजून चालतो, आणि चटणी वाटताना आई अजून त्याला शिव्या घालते.

पुढचं सगळं सांगत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीय. २०२४ च्या दिवाळीत कळलं, सात लोन ॲप मिळून ४ लाख १० हजार, मित्रांचे हातउसने वेगळे, कामगार सोसायटीचं वेगळं. उसाचं बिल आलेलं त्यातून वडलांनी निम्मं फेडलं. पायावर हात ठेवून शपथ झाली, जोतिबाला जाऊन आलो, सहा-सात महिने बरं चाललं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, ॲपनंच मेसेज टाकला की पैशाचे खेळ बंद, शिल्लक काढून घ्या. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले आम्ही.

आणि आता गेल्या महिन्यात कळलं की परत चालू आहे. आता ॲप नाही, टेलिग्रामवर एक जण 'आयडी' देतो, व्हॉट्सॲपवर क्यूआर येतो, दर वेळी वेगळ्याच नावाचा, कधी कुठलं किराणा कधी कुणाची बाई. पैसे टाकले की तो पॉइंट टाकतो. आधी रमी होती, आता ते विमान उडतं आणि कोसळायच्या आत पैसे काढायचे असतात ते. आधी निदान केवायसी होती, जिंकलं तर ३०% टीडीएस कापायचे, तक्रार करायला ईमेल होता. आता समोर कोण आहे हेच माहिती नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. सरकारनं नक्की काय करायला पाहिजे होतं? आणि मी उद्या सकाळी उठून काय करू?

---

चहाटळ_काका | रात्री ११.५८

वाचून कसंतरी झालं. झोपताना उघडला धागा आणि आता झोप यायची नाही. पहिलं म्हणजे त्याच्या हातात रोख आणि फोन दोन्ही एकत्र ठेवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

---

स्पष्टबोल्या | रात्री १२.२०

सहानुभूती आहे पण एक बोलतोच. ३१ वर्षांचा माणूस आहे, कुणी बंदूक लावून खेळायला लावलं नाही. दारू मिळते म्हणून सगळे दारुडे होतात का? उद्या शेअर बाजारात ऑप्शन खेळून लोक बुडतायत म्हणून तोही बंद करा. सरकारनं आधी २८% जीएसटी घेतला, ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण डिपॉझिटवर, तेव्हा जुगार चालत होता. मग एका आठवड्यात लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही सगळं उरकलं. चर्चा नाही काही नाही. एवढी मोठी इंडस्ट्री गेली, टीम इंडियाच्या शर्टावरचं नाव रातोरात गेलं, हजारो पोरं घरी बसली. आणि जुगार थांबला का? वरचा धागाच वाचा.

---

लालबागवाला | सकाळी ६.१०

स्पष्टबोल्या, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे पण त्यावरून काढलेला अर्थ पटत नाही.

मी गिरणगावात वाढलो. वडील गिरणीत, आणि आमच्या चाळीत निम्म्या खोल्यांतून आकडा लावला जायचा. आताच्या पोरांना मटका म्हणजे नुसतं नाव माहिती. मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत यायचे त्यावर लोक पैसे लावायचे, ते भाव यायचे बंद झाले तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी १९६० च्या दशकात पत्ते काढायला सुरुवात केली. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. म्हणजे ५, ३, ६ निघाले तर १४, ओपन चौका. रात्री उशिरा तसाच क्लोज. सिंगल, म्हणजे एकच आकडा, लागला तर एकाला नऊ. आकडे दहा आणि मिळणार नऊ, म्हणजे गणित तेव्हाच ठरलेलं, पण सांगणार कोणाला.

मुद्दा हा की दिवसात दोन वेळा निकाल लागायचा. एकदा लावलं की क्लोज येईपर्यंत माणूस कामावर जायचा, जेवायचा, बायकोशी भांडायचा, झोपायचा. चिठ्ठी लिहिणारा टपरीवरचा माणूस ओळखीचा, तो कधी कधी म्हणायचा आज राहू दे रे, पोराची फी भरली का. आणि उधारी त्याच्या खिशातून असायची म्हणून त्यालाही भीती. तरी घरं बसली, भांडी गहाण पडली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही. पण या तुमच्या विमानात मिनिटाला दोन-तीन निकाल लागतात. रात्री जागून माणूस जेवढ्या वेळा हरतो तेवढ्या वेळा आमच्या शेजारचा जाधव की कोण तो, अख्ख्या वर्षात हरायचा नाही.

आणि मटका बंद होता बरं का. १८८७ चा मुंबईचा जुगार कायदा आहे. धाड पडायची, हप्ता जायचा, परत सुरू. सरकारनं १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, लोक मटक्याकडून इकडे येतील म्हणून. लोकांनी दोन्ही खेळलं.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ८.०५

लालबागवाले काका, एक नंबर लिहिलं.

आमच्याकडे आयपीएल सुरू झाली की पानठेल्यावर भाव विचारतात ना राजेहो, लगाई-खाई, सेशन, फॅन्सी, अख्खी भाषाच येगळी. ते बंदीच्या आधीपासून बंदच होतं आन बंदीच्या आधीपासून चालूच होतं. माह्या माहितीतला एक पोरगा, इंजिनीअर, सेशनवर, म्हंजे ठराविक ओव्हरमंदी किती रन होतील त्याच्यावर, सहा लाख हारला आन गावच सोडून गेला. त्यानं रमीबिमी कधी खेळली नाही. मनून मले वाटते की कायद्यानं जे पकडलं ते दुकान मांडून बसलेले पकडले, गल्लीतले नाही.

---

कायदेकानू | सकाळी ९.३०

थोडी माहिती देतो, कारण बरेच जण न वाचता बोलतायत (मी पण आधी तसाच होतो).

२०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे महत्त्वाचं आहे, धागाकर्त्यांनी भावाला सांगावं, कारण 'पोलिसात गेलो तर मलाच आत टाकतील' या भीतीनं बरेच लोक गप्प बसतात. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, आणि पैशाची वाट करून देणाऱ्यालाही ३ वर्षं आणि १ कोटी. म्हणजे ते क्यूआर ज्या खात्यांचे आहेत ते खातेदार आणि पेमेंटवाले यात येऊ शकतात.

दुसरं म्हणजे, याआधी सत्तर वर्षं आपण 'कौशल्य की नशीब' यावर भांडलो. १९५७ मध्ये चमारबागवाला खटला, तो तर शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, पण ते प्रकरण कशाचं होतं? सिकंदराबादच्या एका क्लबात काही सभासद टेबलाभोवती बसून पत्ते खेळत होते त्यांच्यावर पडलेल्या धाडीचं. त्या निकालाच्या छत्रीखाली पुढे मोबाइलवरची रमी उभी राहिली, जिथे समोर कोण बसलंय ते दिसत नाही आणि टेबल चोवीस तास उठत नाही. नव्या कायद्यानं हा भेदच काढून टाकला, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर कौशल्य असो नसो, बंद.

पण जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे (नोंद ३४), म्हणून केंद्राला हा कायदा करता येतो का हाच वाद कोर्टात गेला, आणि वेगवेगळ्या हायकोर्टांतली प्रकरणं सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे घेतली.

मला स्वतःला तमिळनाडूचं मॉडेल आवडलं होतं. त्यांनी आधी सगळं बंद करून पाहिलं, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणले की पैशाच्या रमी-पोकरमध्ये रात्री १२ ते पहाटे ५ लॉगिनच नाही, आणि आधारनं पडताळणी. कंपन्या कोर्टात गेल्या, मद्रास हायकोर्टानं जून २०२५ मध्ये नियम योग्य ठरवले. दोन-अडीच महिन्यांत केंद्राचा कायदा आला आणि तो प्रयोग किती चालतो हे बघायचं राहूनच गेलं.

---

स्पष्टबोल्या | सकाळी ९.४८

म्हणजे तुम्ही पण मान्य करताय की सरसकट बंदीपेक्षा नियमन बरं. माझं तेच म्हणणं आहे.

---

मांडवीकाठी | सकाळी १०.१५

नियमनाचं गोव्याला विचारा. आमच्याकडे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, रात्री पणजीच्या रस्त्यावरून बघितलं तर दिवाळीच वाटते. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. म्हणजे आपल्या माणसाला हे वाईट आहे हे सरकारला कळतं, पण मुंबई-पुण्याचा माणूस येऊन पैसे घालवून गेला तर चालतं, त्यावर फी मिळते. तुमच्या महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवलेला, एकही कॅसिनो न काढता २०२३ मध्ये रद्द केला, बरं केलं.

एकदा सरकारला त्यातून पैसे यायला लागले ना की मग 'नियमन' म्हणजे फक्त बोट कुठे उभी करायची एवढंच उरतं.

---

अवांतरेश्वर | सकाळी १०.३१

अवांतर: जुलै २०२५ मध्ये आपल्याच विधिमंडळात मोबाइलवरच्या रमीवरून केवढा गोंधळ झाला होता आठवतंय का? मंत्रिमहोदय म्हणाले खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, तरी खातं बदललं. तेव्हा आमच्या ग्रुपवर

---

संपादक_मंडळ | सकाळी १०.५०

राजकारण दुसऱ्या धाग्यावर. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, बाकीचा उडवला आहे. एका माणसाच्या घरचा प्रश्न आहे, कृपया भान ठेवा.

---

रिटेन्शनवाला | दुपारी १.१०

हा प्रतिसाद लिहून तीनदा खोडला. मी अशाच एका कंपनीत दोन वर्षं होतो, नाव सांगणार नाही, कायद्यानंतर जी पोरं घरी बसली त्यातलाच मी एक. स्पष्टबोल्या, नोकऱ्या गेल्या हे खरंय, माझी गेली, घराचा हप्ता चालू आहे. पण माझं काम काय होतं ते सांगतो मग ठरवा.

माझ्या टीमचं नावच रिटेन्शन. कोण किती दिवस आला नाही याची यादी रोज सकाळी यायची. सात दिवस नाही आला की बोनस, पंधरा दिवस नाही आला की मोठा बोनस, आणि मोठे खेळणारे असतील तर फोन. 'सर, आपल्यासाठी खास मॅनेजर.' पगाराच्या तारखांना मेसेज जास्त जायचे, महिन्याच्या वीस तारखेला कमी, त्यात काही गुपित नव्हतं, शहाणपणा समजायचो. म्हणजे तुमचा भाऊ शपथ घेऊन सहा महिने थांबला ना, तर त्या सहा महिन्यांत आमच्यासारख्या कुणाच्या तरी यादीत तो 'परत आणायचा' रकान्यात होता.

आणि लाखो लोक खेळतात तरी धंदा थोड्या लोकांवर चालतो. दहा-वीस रुपये टाकून गंमत करणाऱ्यावर सर्व्हरचा खर्चही निघत नाही. जे थांबू शकत नाहीत त्यांच्यावर निघतो. हे आम्हाला सगळ्यांना माहिती होतं. 'जबाबदारीने खेळा' ते आम्हीच लिहायचो, बारीक अक्षरात.

एकच गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पैसे टाकायला दोन सेकंद. काढायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, 'प्रक्रिया सुरू आहे', आणि तेवढ्या वेळात खाली एक बटण, 'विड्रॉल रद्द करा'. ते बटण सोयीसाठी नव्हतं. रात्री दोनला माणूस ते दाबतो. किती दाबतात तेही मोजायचो.

---

शब्दाली | दुपारी १.३५

बाप रे. लिहिल्याबद्दल आभार, सोपं नव्हतं.

---

लीड्सकर | दुपारी २.२०

ते विड्रॉल रद्द करायचं बटण इकडे यूकेत २०२१ च्या ऑक्टोबरपासून बेकायदा आहे. त्याच वेळी स्लॉट गेममध्ये अडीच सेकंदांच्या आत पुढचा डाव नको, ऑटोप्ले नको, आणि हरलेला असताना जिंकल्यासारखं टिंगटिंग वाजवायचं नाही हेही आलं. क्रेडिट कार्डानं जुगार एप्रिल २०२० पासून बंद. गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, ऑनलाइन स्लॉटला एका डावाला ५ पौंडांची मर्यादा आली, १८ ते २४ वयाच्यांना मे महिन्यापासून २ पौंड. आणि गॅमस्टॉप म्हणून आहे, एकदा नाव घातलं की लायसन्स असलेल्या सगळ्या साइट तुम्हाला बंद, सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं, मध्येच काढता येत नाही.

ऐकायला छान वाटतं ना. मी इथे चौदा वर्षं आहे, ही सगळी शहाणपणाची कामं व्हायला २००५ चा कायदा झाल्यावर पंधरा-वीस वर्षं गेली आणि तोपर्यंत फुटबॉलच्या निम्म्या क्लबांच्या छातीवर बेटिंग कंपनी. प्रीमियर लीगनं ते समोरून काढायचं कबूल केलंय २०२५-२६ च्या सीझननंतर, बाहीवर चालणारच आहे. आणि गॅमस्टॉप असलं तरी 'गॅमस्टॉपवर नसलेल्या साइट' असं शोधलं की बाहेरच्या बेटांवरच्या साइटची रांग लागते. म्हणजे लायसन्स दिलं म्हणून काळा बाजार जातो, तेही खरं नाही आणि बंदीनं जातो तेही खरं नाही.

जर्मनीत २०२१ पासून एक भारी नियम आहे, सगळ्या कंपन्या मिळून महिन्याला साधारण हजार युरोच डिपॉझिट, मध्ये एक सरकारी यादी बसून मोजते. एका ॲपवर मर्यादा संपली की दुसऱ्यावर जाता येत नाही.

मला विचाराल तर यातली सगळ्यात कामाची गोष्ट सरकारनं केलेलीच नाही, बँकेनं केली. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचं एक बटण आहे. लावायला एक सेकंद. काढायचं असेल तर विनंती करायची आणि ४८ तास थांबायचं. ते दोन दिवस म्हणजेच इलाज आहे. दोन दिवसांनी तोच माणूस वेगळा असतो.

---

काउंटर_नं_३ | दुपारी ३.०५

मी सरकारी बँकेत आहे, २२ वर्षं. लीड्सकरांचा मुद्दा मला फार पटला आणि तो आपल्याकडे का होत नाही ते सांगते.

कार्डाच्या व्यवहारात दुकानाचा एक कोड असतो, जुगाराचा ७९९५. बँकेला तो दिसतो म्हणून बटण चालतं. आता वर कृष्णाकाठ यांनी लिहिलंय की क्यूआर किराणा दुकानाचा नाहीतर कुण्या बाईचा येतो. ही भाड्याची खाती. शेतमजूर, कॉलेजची मुलं, महिना दोन-पाच हजार घेऊन खातं, पासबुक, सिम सगळं देऊन टाकतात. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, नातवानं खातं 'कुणाला तरी वापरायला' दिलेलं, खात्यात एका आठवड्यात आठ लाख आले आणि गेले, मग गोठवलं, आणि आजींची पेन्शनही त्यातच अडकली. बँकेला तिथे जुगार दिसत नाही, एका माणसानं दुसऱ्याला पाचशे दिले एवढंच दिसतं.

पण पैसा हळू करता येतो, आणि आपण ते आधीच करतो! नवीन फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५ हजारांच्या वर जात नाहीत. नेटबँकिंगला नवीन माणूस जोडला की काही तास थांबायला लावतात. हे फसवणुकीसाठी केलंय ना? मग खातेदारानं स्वतः मागितलं तर त्याच्या खात्याला असंच करा, की अनोळखी क्यूआरला रात्री पैसे जाणार नाहीत, किंवा जातील पण सकाळी. फॉर्म एक पानाचा. काढायला दोन दिवस. माझ्या मते सगळ्या कायद्यापेक्षा ह्या एका फॉर्मनं जास्त घरं वाचतील, पण त्यात कुणाचा फोटो येत नाही.

तोवर जे आज होऊ शकतं ते: बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते का बघा, बऱ्याच बँकांत येते. नाहीतर शाखेत अर्ज देऊन त्या खात्याचं यूपीआयच बंद करा आणि पगार ज्यात येतो ते खातं दोघांच्या सहीचं करा. भावाच्या संमतीनं, जबरदस्तीनं नाही, नाहीतर तो दुसरीकडे खातं काढेल, दहा मिनिटांत निघतं आजकाल.

---

स्पष्टबोल्या | दुपारी ३.४०

रिटेन्शनवाल्यांचं वाचलं. ते पगाराच्या तारखेचं माहिती नव्हतं मला. वैयक्तिक जबाबदारी मी अजून मानतो पण समोर चाळीस जणांची टीम बसली असेल तर ती एकट्याची जबाबदारी राहत नाही हे कबूल. तरी बंदी चुकीचीच.

---

लालबागवाला | दुपारी ४.००

स्पष्टबोल्या, एवढं कबूल केलंत ते पुष्कळ झालं, या म्हाताऱ्याकडून चहा लागू.

काउंटरबाईंचं बरोबर आहे. क्लोज यायला तीन तास लागायचे तसं काहीतरी परत आणा.

---

शब्दाली | संध्याकाळी ५.१५

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. सरकारचं बाजूला ठेवते, मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, 'उद्या सकाळी काय करू'.

आधी कर्ज फेडू नका. माहितीय, कठोर वाटतं. पण उसाचं बिल घालून तुम्ही निम्मं फेडलंत तेव्हा त्याच्या मेंदूला काय कळलं, की जागा मोकळी झाली. घरच्यांनी फेडायचंच असेल तर त्याच्या हातात न देता थेट, यादी करून, आणि त्याच्या पगारातून हप्ता ठरवून. सगळी यादी एकदम मिळणार नाही हे धरून चाला. माणूस पहिल्यांदा निम्मं सांगतो, दुसऱ्यांदा पाऊण. त्याचा सिबिल रिपोर्ट त्याला शेजारी बसवून काढा, म्हणजे खोटं बोलायची वेळच येणार नाही.

हा आजार आहे, चारित्र्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन वेगळं नोंदलेलं आहे. गंमत अशी की दारूचा वास येतो, डोळे लाल होतात, यात काहीच दिसत नाही. माणूस पंगतीत वाढत असतो आणि खिशात हरत असतो. आणि हरलेलं परत काढायचं ही जी ओढ असते ना, ती पैशाची राहत नाही. माझ्याकडे आलेला एक जण म्हणाला, मॅडम, जिंकलो की भीती वाटते कारण आता परत खेळावं लागणार.

शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडली की लपवणं सुरू होतं. त्यापेक्षा 'पुन्हा झालं तर त्याच दिवशी मला सांगायचं, मी ओरडणार नाही' एवढं ठरवा. आणि खरंच ओरडू नका, इथेच सगळे नापास होतात.

टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण आहे, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोबाइल-तंत्रज्ञानाच्या व्यसनाचं क्लिनिक आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही चालेल, लांब जायलाच पाहिजे असं नाही. आणि भाऊ एकदम शांत झाला, वस्तू वाटून टाकायला लागला, 'माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं' असं वारंवार म्हणायला लागला तर वाट बघू नका, एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर. हे घाबरवायला नाही सांगत.

---

वऱ्हाडी_ठेचा | संध्याकाळी ५.५०

शब्दालीताई, ते 'जिंकलो की भीती वाटते' वाचून अंगावर काटा आला. तो इंजिनीअर पोरगा आहे ना माह्या वळखीचा, आज फोन लावून पाहतो त्याले. तीन वर्षं झाले बोललो नाही.

---

कायदेकानू | संध्याकाळी ६.२०

काउंटर_नं_३ यांच्या फॉर्मचा मुद्दा ग्राहकांच्या बाजूनं कुणीतरी रिझर्व्ह बँकेकडे मांडायला हवा. मी मसुदा करायला तयार आहे, बँकेच्या भाषेतलं तुम्ही तपासा. खरं तर सिंगापुरात कॅसिनोसाठी घरच्यांनाही अर्ज करता येतो, की आमच्या माणसाला आत सोडू नका, चौकशी होते आणि मग बंदी लागते. आपल्याकडे असं काही केलं तर नवरा बायकोचं खातं बंद करायला पहिला धावेल ही भीती आहे, म्हणून मी फक्त स्वतःच्या अर्जापुरतंच म्हणेन.

---

काउंटर_नं_३ | संध्याकाळी ६.२८

नक्की. आणि हो, नवऱ्याचं बरोबर बोललात.

---

कृष्णाकाठ | रात्री १०.१५

सगळं वाचलं. दुपारी कामावर असतानाच वाचत होतो, सुपरवायझरनं दोनदा बघितलं.

संध्याकाळी भाऊ सेकंड शिफ्टला जायच्या आधी त्याला रिटेन्शनवाल्यांचा प्रतिसाद वाचायला दिला. बाकी काही बोललो नाही. त्यानं दोनदा वाचला. मग म्हणाला, हो, मलापण फोन यायचा, पोरगी होती, आवाज चांगला होता, ती आईच्या तब्येतीचं पण विचारायची. एवढं म्हणून गेला आणि डबा विसरला.

डबा न्यायला परत आला तेव्हा त्यानं स्वतः फोन दिला. ओरडलो नाही. दात आवळून बसलो पण ओरडलो नाही. सिबिल काढला, सातातले चार फिटलेले दिसतायत आणि दोन नवीन आहेत, मला माहिती नसलेली. आईला अजून सांगितलं नाही. टेलिमानसला उद्या त्याची सुट्टी आहे तेव्हा दोघं मिळून लावणार आहे, आज म्हणाला नको.

काउंटर_नं_३ ताई, एक विचारायचं राहिलं. त्याच्या फोनमध्ये पाठवलेल्या क्यूआरचे फोटो तसेच आहेत, पुसलेले नाहीत. त्याचं काही होईल का?

---

काउंटर_नं_३ | रात्री १०.३२

होईल. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबरच्या पोर्टलवर तक्रार करता येते, खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे कायदेकानूंनी वर लिहिलंच आहे. फोटोबरोबर प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि तारीख वहीत लिहून काढा, भावालाच लिहू द्या. इथे टाकू नका. किती आहेत?

---

कृष्णाकाठ | रात्री १०.५१

मोजले आत्ता. एक्केचाळीस. सगळी नावं वेगळी.